मांजर कृतघ्न आहे काय ?

मनुष्यानें ज्या प्राण्यांस आपल्या घरांत आश्रय दिला, त्यांपैकीं मांजराइतकी परस्परविरुद्ध कीर्ति दुसऱ्या कोणाच्याहि वांट्यास आलेली दिसत नाहीं. कुत्रा इमानी, बैल कष्टाळू, गाय गरीब, असें एकेका शब्दांत इतरांचें वर्णन करून आपण मोकळे होतों. परंतु मांजराची गोष्ट निघाली कीं घरांतील मंडळींत तत्काळ दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, मांजरासारखें लाघवी जनावर त्रिभुवनांत नाहीं, दुसरा पक्ष मनगटावरील दांतांच्या खुणा पुढें करून विचारतो, "लाघवी कसलें? मांडीवर घेऊन कुरवाळीत होतों, तों एकाएकीं चावलें !" या दुसऱ्या पक्षाचा आरोप थोडक्यांत असा कीं, मांजर कृतघ्न आहे, दूध आपलें पितें, ऊब आपली घेतें, आणि जो हात माया करितो त्याच हातास दांत लावितें. या आरोपांत तथ्य किती व गैरसमज किती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावा असा आमचा मानस आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. परंतु घराघरांत या क्षुल्लक गोष्टीचा शेवट कसा होतो तें पाहावें. मूल मांजराशीं खेळत असतें; मांजर चावतें; मूल रडतें; वडील माणसें मांजराच्या पाठींत रट्टा घालतात. असें दोन-चार वेळां घडलें म्हणजे "मांजर द्वाड झालें" असा निकाल लागतो, आणि एके रात्रीं त्यास पोत्यांत घालून नदीपलीकडे, मासळीबाजाराजवळ किंवा एखाद्या दूरच्या आळींत सोडून देण्यांत येतें. आरोपीची बाजू कोणी ऐकून घेत नाहीं. कारण त्याला बोलतां येत नाहीं अशी आपली समजूत. आमचें म्हणणें असें आहे कीं, मांजर बोलत असतें. किंबहुना चावण्यापूर्वीं तें बहुधा चार-पांच वेळां बोललेलें असतें. चावा हा त्याचा शेवटचा शब्द होय. आधींचे शब्द आपणांस ऐकूं आले नाहींत, हा दोष मांजराकडे कसा लागावा ?

मांजराची ही भाषा आवाजाची थोडी व अंगाची फार आहे. इंग्लंडांतील विख्यात सृष्टिशास्त्रज्ञ चार्लस डार्विन यानें १८७२ सालीं, मनुष्य व इतर प्राणी आपले मनोविकार कसे प्रकट करितात, या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मांजराच्या दोन अवस्थांचें मोठें मार्मिक वर्णन आहे. प्रसन्न मांजर अंग उंचावून, शेपूट सरळ वर उभें धरून व कान टवकारून धन्याच्या पायांस अंग घासतें; तेंच मांजर लढण्याच्या पवित्र्यांत असलें म्हणजे अंग जमिनीसरसें करून, कान मागें चिकटवून, शेपूट किंवा नुसतें शेपटाचें टोक इकडून तिकडे हालवितें. कुत्र्याचें हालणारें शेपूट म्हणजे आनंद, हा धडा घोकून आपण मांजराकडे जातों आणि तेथेंच फसतों. मांजराचें शेपूट मांडीवर फटफट आपटूं लागलें तर तो आनंद नव्हे. "आतां पुरे" असा तो निरोप आहे.

विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या मांजराकडे एकदां सावकाशीनें पाहावें, म्हणजे या निरोपाच्या पायऱ्या त्यांस ओळखतां येतील. प्रथम सैल पडलेलें अंग किंचित् ताठतें. मग शेपटाचें टोक वळवळूं लागतें. पाठीवरून हात फिरत असतां तेथील कातडी, गाईच्या अंगावर माशी बसली असतां थरथरते तशी, लहरत जाते. पुढें उभे असलेले कान बाजूस वळतात व हळूहळू मागें पडतात. डोळ्यांतील बाहुल्या, उजेड तोच असतांहि, मोठ्या होतात. घुरघुर चालू असेल तर ती थांबते. शेवटीं मान झटकन् वळते आणि मांजर फिरणाऱ्या हाताकडे टक लावून पाहतें. इतक्या सूचना देऊनहि हात थांबला नाहीं, म्हणजे मग दांत लागतात. आणि तेव्हां देखील पहिला चावा पुष्कळदां नुसता दाबून सोडून दिलेला असतो. या साऱ्या पायऱ्या कांहीं क्षणांत चढून होतात, आणि ज्याचें लक्ष पुस्तकांत, गप्पांत किंवा हातांतील फोनमध्यें गुंतलें आहे, त्याला त्या दिसत नाहींत. ज्याला आपण "एकाएकीं" म्हणतों, तें एकाएकीं घडलेलें नसतें. आपण एकाएकीं जागे होतों, इतकेंच.

दोन गैरसमज तर इतके रूढ झाले आहेत कीं, त्यांचा निर्देश स्वतंत्रपणें केला पाहिजे. पहिला घुरघुरीविषयींचा. मांजर घुरघुरत आहे, अर्थात् तें सुखांत आहे, असें आपण धरून चालतों. बहुतेक वेळां तें खरेंहि असतें. परंतु जखमी झालेलें मांजर घुरघुरतें, आणि वेणा सोशीत असलेली मांजरीहि घुरघुरते. तेव्हां घुरघुर हा एकटा साक्षीदार पुरेसा नाहीं. कान, शेपूट व डोळे यांची साक्ष काढल्यावांचून निकाल देऊं नये. दुसरा गैरसमज पोटाविषयींचा. मांजर आपल्यासमोर उताणें लोळलें म्हणजे तें पोट कुरवाळण्याचें आमंत्रण आहे असें मुलांस वाटतें. वास्तविक तो विश्वासाचा देखावा आहे. "तुझ्यासमोर मी नाजूक भाग उघडा टाकूं शकतें" एवढाच त्याचा अर्थ. पोटाखालीं सारीं मर्मस्थानें आहेत, आणि उताण्या मांजराचे चारी पंजे व दांत एकाच वेळीं मोकळे असतात. त्या पोटावर हात पडला कीं पुढच्या पंजांनीं तो कवटाळावा व मागच्या पायांनीं ओरबाडावा, ही त्याच्या अंगीं मुरलेली रीत आहे. शेजाऱ्यानें घराचें दार उघडें ठेवलें म्हणजे त्याच्या देवघरापर्यंत जाण्याची परवानगी दिली असें होत नाहीं. तसेंच हें समजावें.

आतां कोणी विचारील कीं, जें कुरवाळणें आरंभीं गोड लागलें तेंच पुढें कडू कां व्हावें ? याचें उत्तर मांजराच्या त्वचेंत आहे. त्याच्या अंगावरील केसांच्या मुळांशीं स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंचें दाट जाळें असतें. एकाच जागीं, एकाच दिशेनें हात पुन्हां पुन्हां फिरूं लागला म्हणजे प्रथम जें सुख वाटतें, तेंच थोड्या वेळानें चिरडीस आणतें. गुदगुल्यांचा अनुभव प्रत्येक मुलास आहे. पहिल्या दोन गुदगुल्यांना आपण हंसतों, पांचवीला "पुरे" म्हणतों, आणि तरीहि समोरचा थांबला नाहीं तर त्याचा हात झिडकारतों. त्यासाठीं आपणांस कोणी कृतघ्न म्हणत नाहीं. "अति तेथें माती" ही म्हण मायेलाहि लागू आहे.

शिवाय मांजरें आपापसांत प्रेम कसें दाखवितात तेंहि पाहण्यासारखें आहे. दोन स्नेही मांजरें एकमेकांच्या गालाला गाल घासतात, कपाळाला कपाळ लावितात, डोकें व मान थोडा वेळ चाटतात आणि बाजूस होतात. त्यांच्या गालांवर, हनुवटीवर व कपाळावर गंधग्रंथि असतात; त्या घासून तीं परस्परांचा वास एकमेकांस लावितात व "आपण एका घरचे" अशी खूण पटवितात. डोक्यापासून शेपटापर्यंत लांबच लांब हात फिरविणें ही रीत मांजरांच्या व्यवहारांत नाहीं. ती आपली आहे. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळून आलें कीं, डोळा व कान यांमधील भागावर कुरवाळलेलें मांजरांस सर्वांत अधिक रुचतें, व शेपटाच्या आसपासचा स्पर्श सर्वांत कमी रुचतो. इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं शरीराच्या निरनिराळ्या आठ भागांवर हीच परीक्षा करून पाहिली. तेव्हांहि शेपटाच्या मुळाशीं हात लागतांच नाराजीच्या खुणा सर्वांत जास्त दिसल्या. आपल्याकडील मुलें नेमकें तेंच शेपूट धरावयास आधीं धांवतात, हें निराळें सांगावयास नको.

याहून खोल कारण मांजराच्या वंशपरंपरेंत सांपडतें. २००७ सालीं शेंकडों मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, जगांतील सर्व पाळीव मांजरांचें मूळ पश्चिम आशियांतील रानमांजरांत आहे. सायप्रस बेटावर उत्खनन करणाऱ्या फ्रेंच संशोधकांस सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें एक मनुष्याचें थडगें सांपडलें, आणि त्यापासून हातभर अंतरावर एका मांजराचा सबंध सांगाडा पुरलेला आढळला. ही हकीकत २००४ सालीं जगापुढें आली. इतका जुना हा सहवास आहे. परंतु या सहवासाची अट पहिल्यापासून निराळी होती. कुत्र्यास मनुष्यानें शिकारीस, राखणीस व मेंढरें वळण्यास लावलें, आणि आज्ञा मानणारा कुत्रा निवडून त्याची प्रजा वाढविली. मांजर मात्र धान्याच्या कोठाराकडे उंदरांच्या मागावर आपल्या पायांनीं आलें, आणि त्याचें काम त्याला कोणी शिकविलें नाहीं. त्याचे पूर्वज कळपानें राहणारे नव्हते. एकट्यानें शिकार करणारे होते. आणखी एक गोष्ट अशी कीं, एवढासा हा प्राणी एकाच वेळीं शिकारीहि आहे व मोठ्या जनावरांची शिकारहि आहे. उंदराच्या दृष्टीनें तो वाघ. कोल्ह्याकुत्र्यांच्या दृष्टीनें तो घास. म्हणून कोणी धरून ठेवलें, वरून दाबलें, निसटण्याची वाट बंद केली, कीं त्याच्या मनांत हजारों वर्षांचें भय जागें होतें. आपण ज्यास मिठी म्हणतों, तिला त्याच्या रक्तांत दुसरेंच नांव आहे.

यावरून मांजरास माया कळत नाहीं असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथें मांजर व मनुष्य यांच्या सहवासाचा वर्षानुवर्षें अभ्यास झाला आहे. त्यांत दिसून आलेली एक गोष्ट आमच्या मतें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे : जेथें भेटीची सुरुवात मांजर करितें, तेथें ती भेट अधिक वेळ टिकते, आणि जेथें मनुष्य आपण होऊन मांजरावर झडप घालतो, तेथें ती लवकर आटोपते. लंडनमधील बॅटरसी येथील प्रसिद्ध प्राणिगृहांत झालेला एक प्रयोग २०२१ सालीं प्रकाशित झाला. मांजरांस भेटावयास आलेल्या लोकांस प्रथम कांहींच न सांगतां व नंतर थोडें शिकवून मांजरांजवळ सोडण्यांत आलें. शिकवणूक काय होती ? मांजरास जवळ येण्याची व दूर जाण्याची मोकळीक द्या. त्याच्या अंगाकडे लक्ष ठेवा. हात गालांवर, हनुवटीखालीं व कानांच्या मुळाशीं फिरवा, आणि मधून मधून थांबा. एवढ्याशा शिकवणुकीनें मांजरांचें रागावणें कमी झालें व लगट वाढली. मांजरें तींच, बदललीं तीं माणसें.

येथें पालकांच्या एका संवयीकडे लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. पिल्लू लहान असतें तेव्हां त्याच्यासमोर बोटें नाचविणें, गोधडीखालून पाय हालवून त्यास झडप घालावयास लावणें, व तें बोट चावलें म्हणजे कौतुकानें हंसणें, हा खेळ घरोघर चालतो. त्या वेळीं दांत तांदळाएवढे असतात. परंतु मनुष्याचा हात हें चावण्याचें खेळणें आहे, हा धडा पिल्लू त्या दिवसांत पक्का करितें, आणि सहा महिन्यांनीं मोठ्या दांतांनीं तोच धडा म्हणून दाखविलें म्हणजे त्याला मार बसतो. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील टेम्पल विद्यापीठांत १९८० नंतरच्या वर्षांत आयलीन कार्श या विदुषीनें केलेल्या प्रयोगांवरून असें दिसलें कीं, जन्मानंतर दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लास मनुष्याचा लळा लागण्यास सर्वांत अनुकूल असतो. या काळांत ज्यास कोणी हळुवारपणें हाताळलें नाहीं, तें मांजर पुढें माणसाच्या हाताला बिचकतें. तेव्हां पिल्लू घरांत आलें म्हणजे खेळावयास दोरी, कागदाचा बोळा किंवा चिंधीचा चेंडू द्यावा. हात केवळ मायेसाठीं राखून ठेवावा.

कांहीं वेळां चावण्याचें कारण स्वभावांत नसून शरीरांत असतें. कालपर्यंत मांडीवर निजणारें मांजर आज पाठीला हात लागतांच चावूं लागलें, तर त्यास कोठें तरी दुखत आहे असें समजावें. कानांतील किडा, किडलेला दांत, पिसवांनीं खाजून लाल झालेली कातडी, केसांखालीं लपलेली जुनी जखम, अशीं कारणें अनेक आहेत. वृद्ध मांजरांच्या बाबतींत तर हें विशेषच खरें. अमेरिकेंत १२ वर्षांवरील १०० मांजरांचीं क्ष-किरणचित्रें तपासण्यांत आलीं, तेव्हां त्यांपैकीं ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसून आली. हा अहवाल २००२ सालचा आहे. आजीच्या गुडघ्यास तेल चोळतांना आपण किती जपतों ! घरांतलें म्हातारें मांजर कण्हत नाहीं, एवढ्यावरून त्याचे सांधे दुखत नाहींत असें कां धरावें ? अशा वेळीं त्यास पशुवैद्याकडे न्यावें. मारण्याचा प्रश्नच नाहीं.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो तो असा : "जनावरास एवढें डोक्यावर बसविणें कशाला ? आपण त्याला पोसतों. त्यानें थोडें सहन केलें पाहिजे. दोन फटके बसले म्हणजे आपोआप शिकेल." फटक्यांनीं तें शिकतें हें खरें, पण काय शिकतें याचा विचार व्हावा. हात वर झाला कीं पळावें, हें तें शिकतें. गुरगुरलें तर मार बसतो, म्हणून न गुरगुरतां एकदम चावावें, हेंहि तें शिकतें. म्हणजे ज्या सूचनेनें आपण सावध झालों असतों, तीच आपण मारून बंद केली. धोक्याची घंटा वाजते म्हणून घंटेचा लोळा काढून टाकणारा पहारेकरी जितका शहाणा, तितकेच आपण शहाणे ठरतों. आणि पोसण्याविषयीं बोलावयाचें तर, ज्याला अन्न दिलें त्याच्या अंगावर आपली सत्ता चालावी, हा न्याय माणसांतहि कोणी मान्य करीत नाहीं. "मऊ सांपडलें म्हणून कोपरानें खणूं नये" असें आपले वाडवडील सांगत आले. मांजराच्या मऊ अंगाला ती म्हण अक्षरशः लागू पडते.

तर मग मांजराशीं वागावें कसें ? रीत अगदीं सोपी आहे. आपण खालीं बसावें, एक बोट त्याच्या नाकापुढें धरावें व वाट पाहावी. त्यानें आपला गाल त्या बोटास घासला तर परवानगी मिळाली. तोंड फिरविलें तर नाहीं मिळाली, आणि त्यांत आपला अपमान कांहीं नाहीं. परवानगी मिळाल्यावर गाल, हनुवटी व कानांच्या पुढची जागा दोन-तीन वेळां हळूं कुरवाळून हात मागें घ्यावा. तें पुन्हां डोकें पुढें करील तर पुन्हां कुरवाळावें. बसून राहील तर बसूं द्यावें. निजलेलें, खात असलेलें किंवा पिल्लांना पाजीत असलेलें मांजर असेल तर त्याच्या वाटेस जाऊं नये. शेपूट ओढूं नये, मानगूट धरून उचलूं नये, व दोन्ही हातांनीं आवळून तोंडापाशीं नेऊं नये. चुकून हात दांतांत सांपडलाच तर झटका देऊन ओढूं नये. ओढलेली वस्तु म्हणजे पळणारी शिकार, असें मांजराचें मन सांगतें व तें दांत अधिकच रोवतें. हात क्षणभर निश्चल ठेवावा. पकड सैल होतांच शांतपणें दूर व्हावें.

यापुढील चार ओळी मुलांनीं व पालकांनीं दोघांनींहि लक्षपूर्वक वाचाव्या. मांजराचा चावा दिसावयास लहान असतो, पण त्याचे सुळे सुईप्रमाणें बारीक असल्यामुळें ते खोल जातात, वरचें छिद्र मिटतें, आणि जंतु आंत कोंडले जातात. अमेरिकेंतील १९९९ सालच्या एका पाहणींत चिघळलेल्या मांजरचाव्यांपैकीं शेंकडा ७५ चाव्यांत, मांजरांच्या तोंडांत नेहमीं वास करणारे पाश्चुरेला नांवाचे जंतु सांपडले. शिवाय आपल्या देशांत पिसाळ रोगाचें भय आहे. तो रोग बहुतांशीं कुत्र्यांपासून होत असला तरी मांजरापासूनहि होऊं शकतो, आणि एकदां त्याचीं लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे रोगी वांचण्याची आशा जवळजवळ नसते. उलट, वेळींच लस टोंचली तर तो टाळतां येतो. लुई पाश्चर यानें १८८५ सालीं एका लहान मुलास अशी लस देऊन ती वाट दाखविली. म्हणून चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा बसतांच जखम साबण व वाहतें पाणी यांनीं पूर्ण १५ मिनिटें धुवावी. चुना, तिखट, हळद, तेल यांतलें कांहीं लावूं नये. आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

मुलें चावा लपवितात. "कशाला गेला होतास त्याच्या नादाला ?" या प्रश्नाचें भय त्यांस दांतांच्या भयापेक्षां मोठें वाटतें, कित्येकदां मांजरास घराबाहेर घालवतील या धास्तीनेंहि तीं गप्प राहतात. आई-वडिलांस आमची विनंति अशी कीं, या प्रसंगीं प्रथम जखम धुवावी, मग दवाखाना गांठावा, आणि बोलावयाचें तें घरीं आल्यावर शांतपणें बोलावें. जें मूल एका लहान जखमेसाठीं रागें भरलें जातें, तें मोठी जखम सांगावयास येत नाहीं.

आणि मांजराचें काय करावें ? सोडून देणें हा उपाय नव्हे. घरच्या ताटलीवर वाढलेलें मांजर अनोळखी आळींत कुत्र्यांच्या व उपासमारीच्या तावडींत सांपडतें. आपण आपल्या डोळ्यांआड केलें, एवढ्यानें त्याचे हाल थांबत नाहींत. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतांत १९६० सालीं झाला. पोसलेलें जनावर योग्य कारणावांचून उपाशी-तान्हेलें मरेल अशा स्थितींत टाकून देणें हा त्या कायद्यानें अपराध आहे. १९७६ सालीं राज्यघटनेंत नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें घातलीं गेलीं, त्यांत प्राणिमात्रांविषयीं दया बाळगणें हेंहि एक कर्तव्य आहे. परंतु कायद्याच्या भयानें मांजर पाळावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला आपण एकदां "आमची मनी" म्हटलें, त्याच्या एका नाराजीनें तें नातें तुटूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

शेवटीं एक गोष्ट मांजराला सोडून माणसांविषयीं. घरीं पाहुणे आले म्हणजे ते लहान मुलांचे गालगुच्चे घेतात, त्यांस बळेंच उचलून मुके घेतात, मूल अंग चोरतें, तोंड फिरवितें, शेवटीं रडतें, आणि आपण म्हणतों, "असें काय करावें? काका लाड करताहेत ना !" त्या मुलाचें अंग चोरणें आणि मांजराचें शेपूट हालविणें हे एकाच भाषेंतील दोन शब्द आहेत. माया करणाऱ्याचा हेतु चांगला असला म्हणजे माया घेणाऱ्याची इच्छा विचारावयास नको, या समजुतीनें माणसांमाणसांतहि पुष्कळ दुःख उत्पन्न झालें आहे. मोठा विद्यार्थी धाकट्याची थट्टा करितो, धाकटा दोनदां "पुरे" म्हणतो, तिसऱ्यांदा हात उगारतो, आणि शिक्षा त्याला होते. ज्या मुलानें घरच्या मांजराचा कान मागें पडतांना पाहून आपला हात आवरला, तें मूल वर्गांतील सोबत्याचा पडलेला चेहराहि ओळखील, असा आमचा विश्वास आहे.

तेव्हां मांजर कृतघ्न आहे काय, या प्रश्नाचें आमचें उत्तर "नाहीं" असें आहे. तें परतफेड करितें, पण खुशीनें करितें. हुकुमानें करीत नाहीं. त्यानें आपण होऊन मांडीवर येऊन बसावें, हीच त्याची कृतज्ञता. आणि त्यानें उठावयाचें ठरविलें म्हणजे आपण त्यास उठूं द्यावें, ही आपली. एवढी देवघेव संभाळली तर दांतांचें काम बहुधा पडणार नाहीं.